एक वाटी फोडी म्हणजे किती?

कैऱ्या बाजारात दिसू लागल्या की घरोघरी साखरांब्याची तयारी सुरू होते. आजी सुनेला सांगते, सून शेजारणीला सांगते, आणि कृती बहुधा एकाच वाक्यात संपते: फोडींच्या जितक्या वाट्या, तितक्याच वाट्या साखर. इतकी सोपी कृती असूनही एका वर्षी साखर तळाशी खडे होऊन बसते, दुसऱ्या वर्षी पाक पातळ राहतो आणि पावसाळा लागताच वर बुरशी धरते. दोष कैरीला दिला जातो, गॅसला दिला जातो, फार झाले तर बरणीला दिला जातो. वाटीवर संशय कोणी घेत नाही. वाटी तर तीच होती!

वाटी तीच होती हे खरे. पण त्या वाटीत फोडी किती मावल्या? फोडी सुपारीएवढ्या केल्या की बोराएवढ्या? नुसत्या टाकल्या की दाबून बसवल्या? काठापर्यंत भरल्या की वर ढीग केला? या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर बदलले की वाटीतल्या फळाचे वजन बदलते. साखरेचे मात्र फारसे बदलत नाही, कारण साखर बारीक दाण्यांची असते आणि दर वेळी जवळजवळ सारखीच बसते. म्हणजे 'एकास एक' या प्रमाणातला एक 'एक' पक्का, दुसरा सैल.

हा प्रश्न स्वयंपाकघरातला वाटतो, पण त्याच्यावरून संसदेत कायदे झाले आहेत, व्यापाऱ्यांनी पैसे केले आहेत आणि पृथ्वीची घनता मोजणाऱ्या एका गणितज्ञाने त्यावर आपले मत नोंदवून ठेवले आहे. तोच इतिहास आपण थोडा पाहू.

प्रथम आपल्याच भाषेतला एक शब्द. 'उत्सुकता शिगेला पोहोचली' असे आपण सहज लिहितो. शीग म्हणजे माप काठोकाठ भरल्यावर काठाच्या वर धान्याचा जो शंकूसारखा ढीग राहतो तो. आणखी एकही दाणा टाकला तर तो घसरून खाली पडेल अशी ती अवस्था. आपल्याकडे धान्य मापून द्यायची रीत होती. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली, अशी ही दुपटीची शिडी. किती पायल्यांचा मण हे मात्र मुलखागणिक बदले. शिवाय शेर आणि मण हे दोन प्रकारचे: एक वजनी, दुसरा कैली. कैली म्हणजे मापाने भरलेला. एकाच नावाचे दोन शेर नांदत असल्यामुळे व्यवहार करताना 'वजनी की कैली?' हे विचारावेच लागे. आणि कैली असेल तर पुढचा प्रश्न: शीग लावून की सपाट?

हा दुसरा प्रश्न किती महत्त्वाचा होता ते ब्रिटनच्या १८२४ च्या वजनमापे कायद्यावरून कळते. त्या कायद्याने 'इंपीरियल' मापे ठरवली. त्यात गॅलनची व्याख्या मोठी मजेची आहे. गॅलन हे आकारमानाचे माप, पण त्याची व्याख्या केली वजनाने: पारा ३० इंचांवर आणि तापमान ६२ अंश फॅरनहाइट असताना १० पौंड शुद्ध पाणी ज्यात मावेल तो गॅलन. आठ गॅलनांचा, म्हणजे ८० पौंड पाण्याचा, बुशेल. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते की भांड्याची लांबी-रुंदी-खोली मोजून त्याचे आकारमान काढण्यापेक्षा त्यात पाणी भरून तोलणे जास्त खात्रीचे आहे. पाणी कोपऱ्याकोपऱ्यात शिरते, फटी ठेवत नाही, आणि त्याचा पृष्ठभाग आपोआप सपाट होतो.

कोळसा, चुना, मासे, बटाटे आणि फळे यांना यांतले काहीच जमत नाही. कायद्यात नेमकी हीच नावे एकत्र येतात, कारण या वस्तू शीग लावून विकण्याचा प्रघात होता. मग शीग किती उंच, याचाही कायदा करावा लागला. बुशेलचे भांडे गोल असावे, बाहेरून त्याचा व्यास साडेएकोणीस इंच असावा, आणि वरचा ढीग शंकूच्या आकाराचा व निदान सहा इंच उंच असावा. शंकूचा पाया भांड्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत यावा.

नववी-दहावीच्या मुलांना हे गणित जरूर घालावे. शंकूचे घनफळ म्हणजे पायाच्या क्षेत्रफळाला उंचीने गुणून तीनने भागायचे. त्रिज्या पावणेदहा इंच, उंची सहा इंच. उत्तर येते सुमारे ५९७ घन इंच. बुशेल स्वतः सुमारे २,२१८ घन इंचांचा. म्हणजे शीग लावल्यावर माल २७ टक्क्यांनी वाढला! शीग ही दुकानदाराने प्रेमाने टाकलेली मूठ नव्हती, ते पावपट जादा माप होते.

व्यास का नेमून द्यावा लागला, हेही त्यातूनच कळते. समजा भांड्याचा व्यास दहा टक्क्यांनी वाढवला आणि खोली त्या बेताने कमी केली. आतले आकारमान तेवढेच राहील, पण शंकूच्या उताराचा कोन कायम ठेवला तर शंकू मात्र १.१ च्या घनाइतका, म्हणजे सुमारे ३३ टक्क्यांनी, मोठा होईल. पसरट पायलीने घ्यायचे आणि उभट पायलीने द्यायचे, ही युक्ती सुचायला भूमितीचे पुस्तक वाचावे लागत नाही. हा शिगेचा कायदा फार टिकला नाही. १८३५ च्या कायद्याने शीग लावून विकणेच बंद केले, आणि त्याच कायद्याने कोळसा यापुढे मापाने नव्हे, वजनाने विकला जावा असे ठरवले. लंडनपुरता तो निर्णय १८३१ मध्येच झाला होता.

कोळशाला असा वेगळा मान का मिळाला? इथे आपल्या गोष्टीत चार्ल्स हटन येतो. हटनचा जन्म १७३७ मध्ये न्यूकॅसलला झाला. घर कोळशाच्या खाणीवर जगणारे, आणि तरुणपणी त्यानेही काही काळ खाणीत कोळसा फोडला. पुढे तो शाळामास्तर झाला, गावात शाळा चालवली, मापनशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला आणि १७७३ मध्ये वुलिच येथील लष्करी विद्यालयात गणिताचा प्राध्यापक झाला. १७७४ मध्ये नेव्हिल मॅस्कलिनने स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगरापाशी ओळंबा किती कलतो याची मोजणी केली. त्या मोजणीवरून डोंगराचे आकारमान आणि त्यावरून पृथ्वीची सरासरी घनता काढण्याचे किचकट काम हटनने केले. १७७८ मध्ये त्याचे उत्तर आले: पाण्याच्या साडेचारपट. आज आपण साडेपाचपट मानतो. आकारमानावरून वजन काढण्याचा याहून मोठा हिशेब कुणी केला असेल असे आम्हांला वाटत नाही.

याच हटनने आपल्या गावच्या धंद्याविषयी एक साधी गोष्ट नोंदवली आहे. एक घनयार्ड मापाचा अखंड कोळसा घेतला तर तो सुमारे ५ बोल भरतो. बोल हे कोळशाचे तिकडचे जुने माप. तोच कोळसा फोडून मध्यम तुकडे केले तर साडेसात बोल भरतो. अगदी बारीक फोडला तर ९ बोल. कोळसा तेवढाच, वजन तेवढेच, माप मात्र पाचाचे नऊ! तेव्हा कोळशाचा हिशेब वजनाने करणेच शहाणपणाचे, असा त्याचा निष्कर्ष होता.

आता व्यापार कसा चाले ते पाहा. न्यूकॅसलला कोळसा 'चॅल्ड्रन' या मापाने जहाजात भरला जाई, आणि तिथला चॅल्ड्रन वजनाने बांधलेला होता: ५३ हंड्रेडवेट, म्हणजे आजचे सुमारे २,७०० किलो. जहाज लंडनला आले की तिथला चॅल्ड्रन निराळा: शीग लावलेले ३६ बुशेल. पहिल्याच्या जेमतेम निम्मा. एकाच शब्दाचे एका टोकाला वजन आणि दुसऱ्या टोकाला माप. मधल्या मध्ये हातोडा चालवला की माल 'वाढे'. मध्यम तुकड्यांचा बारीक चुरा केला तर साडेसाताचे नऊ, म्हणजे २० टक्के जादा विक्री, आणि खर्च फक्त हातोड्याचा. घेणाऱ्याच्या शेगडीत मात्र तितकाच, किंबहुना कमी कामाचा कोळसा पडे. कारण भुकटी धड पेटत नाही.

कोळशाच्या जागी कैरी आणि हातोड्याच्या जागी विळी ठेवली की आपण पुन्हा स्वयंपाकघरात येतो.

स्वयंपाकात मापाची सत्ता जितकी अमेरिकेत चालली तितकी क्वचितच कुठे चालली असेल. १७९६ मध्ये हार्टफर्डला अमेलिया सिमन्सचे 'अमेरिकन कुकरी' छापले गेले. अमेरिकन बाईने अमेरिकेसाठी लिहिलेले हे पहिले पाकपुस्तक मानतात. त्यात पीठ, साखर, लोणी पौंडांत आणि दूध क्वार्ट-पिंटांत येते. म्हणजे घन पदार्थ तोलायचे, द्रव मापायचे, ही इंग्लंडहून आलेली रीत. पुढच्या शंभर वर्षांत तराजू हळूहळू मागे पडला आणि चहाचा कप पुढे आला. तराजू सगळ्यांकडे नसतो, कप असतोच. पण कपही घराघरांत निरनिराळा. शिवाय 'अंड्याएवढे लोणी', 'अक्रोडाएवढे लोणी' अशी मापे सर्रास चालत. कोंबडी कोणत्या जातीची, हे विचारायची सोय नसे!

या गोंधळाला शिस्त लावण्याचे श्रेय फॅनी फार्मर या बाईंना दिले जाते. त्यांचा जन्म १८५७ चा. किशोरवयातच अर्धांगवायूचा झटका आला, शिक्षण सुटले, पाय कायमचा अधू झाला. तिशीच्या सुमारास त्या बॉस्टनच्या पाककला शाळेत विद्यार्थिनी म्हणून दाखल झाल्या आणि काही वर्षांतच तिच्या प्रमुख झाल्या. १८९६ मध्ये त्यांचे 'बॉस्टन कुकिंग-स्कूल कुक बुक' निघाले. प्रकाशकाला खपाची खात्री नव्हती, म्हणून पहिल्या ३,००० प्रतींचा खर्च लेखिकेनेच सोसला. पुढे ते पुस्तक अमेरिकेतल्या घराघरांत गेले.

त्यात नवे काय होते? कप अर्ध्या पिंटाचा, बाजारात मिळणारा, पाव आणि तृतीयांश खुणांचा असावा. चमचे ठरीव मापाचे असावेत. कप असो की चमचा, भरून झाल्यावर सुरीच्या पात्याने वरचे काढून सपाट करायचा. शीग नाही! पीठ मापण्याआधी चाळायचे, लोणी दाबून भरायचे. म्हणजे १८३५ मध्ये ब्रिटनने जी शीग कायद्याने काढली, ती साठ वर्षांनी फार्मरबाईंनी अमेरिकन स्वयंपाकघरातून सुरीने काढली. आम्हांला यात विशेष वाटते ते हे की त्यांनी माप आणि वजन यांचा तक्ताही दिला. दाबून भरलेले लोणी दोन कप म्हणजे एक पौंड. साखर दोन कप म्हणजे एक पौंड. पीठ चार कप म्हणजे एक पौंड. आणि बारीक चिरलेले मांस दोन कप म्हणजे एक पौंड. 'बारीक चिरलेले' हे विशेषण काढून टाका, की शेवटच्या ओळीला अर्थ उरत नाही.

तक्ता देऊनही सगळे मिटले नाही. पौंड ४५४ ग्रॅमचा धरला तर फार्मरबाईंच्या कपात २२७ ग्रॅम साखर बसते. आजच्या अमेरिकन तक्त्यांत कपभर साखर २०० ग्रॅमची असते. कप तोच, काठ तोच, सपाट करणारी सुरी तीच. दाणा किती जाड आणि भरताना किती हलवले, एवढ्यावर हा फरक पडू शकतो. साखरेची ही कथा, मग फळाच्या तुकड्यांचे काय होत असेल?

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नघटक तक्त्यांत याचे उत्तर मिळते. हे तक्ते वाचायला रुक्ष, पण त्यांतल्या स्ट्रॉबेरीच्या ओळी आम्हांला फार आवडतात. कप २३७ मिलिलिटरचा. अख्ख्या स्ट्रॉबेऱ्या कपभर: १४४ ग्रॅम. अर्ध्या कापलेल्या: १५२ ग्रॅम. चकत्या: १६६ ग्रॅम. आणि मिक्सरमधून काढलेला लगदा: २३२ ग्रॅम. लगद्यात फटी नसतात, म्हणून तो आपला पूर्ण आकडा धरू. मग अख्ख्या फळांनी कपाचा ६२ टक्के भाग भरला, अर्धुकांनी ६६ टक्के, चकत्यांनी ७२ टक्के. उरलेली जागा हवेची. साखरांब्याच्या नियमाने कपास कप साखर घातली, तर अख्ख्या फळांच्या १४४ ग्रॅमला २०० ग्रॅम साखर पडेल, आणि लगद्याच्या २३२ ग्रॅमलाही २०० ग्रॅमच. पहिल्या प्रकारात साखर फळाच्या जवळजवळ १.४ पट, दुसऱ्यात ०.८६ पट. एकाच वाक्याची कृती, पण भांड्यात शिजले दोन निरनिराळे पदार्थ.

केळ्याचे पाहा. चकत्या कपभर १५० ग्रॅम, कुस्करलेले केळे २२५ ग्रॅम. बरोबर दीडपट. सफरचंद मात्र खोडी काढते. कपभर तुकडे १२५ ग्रॅम भरतात, आणि कपभर चकत्या १०९ ग्रॅमच. स्ट्रॉबेरीत चकत्या केल्यावर वजन वाढले, सफरचंदात चकत्यांचे वजन तुकड्यांहून कमी! कारण उघड आहे. स्ट्रॉबेरीची चकती मऊ, ती वाकते आणि दुसरीवर बिलगून बसते. सफरचंदाची फाक ताठ, ती तिरपी अडकून राहते आणि खाली पोकळी धरून ठेवते. म्हणजे 'चकत्या' हा शब्दही पुरेसा नाही. कशाच्या चकत्या, हेही सांगितले पाहिजे.

यातून एक सुरेख प्रश्न निघतो, आणि तो वर्गात अवश्य टाकावा. तुकडे लहान केले की एकाच भांड्यात जास्त वजन मावते की कमी? स्ट्रॉबेरी म्हणते जास्त. हटनचा कोळसा म्हणतो कमी. कोण खरे?

आधी एक विचारप्रयोग करू. एका मोठ्या पिंपात गोट्या भरल्या आहेत असे समजा. त्याचा फोटो काढला आणि तो दुप्पट मोठा करून छापला. फोटोत गोट्या मोठ्या झाल्या, फटीही त्याच प्रमाणात मोठ्या झाल्या. म्हणजे भरलेला भाग आणि रिकामा भाग यांचे प्रमाण बदलले नाही. तेव्हा भांडे पुरेसे मोठे असेल आणि तुकड्यांचा आकार तोच राहील, तर तुकडा लहान की मोठा याने काहीच फरक पडू नये! सारख्या गोळ्यांची उत्तम रचना केली तर त्या ७४ टक्के जागा भरतात. याहून दाट रचना नाही, असे केप्लरने १६११ मध्ये म्हटले, आणि त्याची सिद्धता थॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये दिली. पण आपण वाटीत गोळ्या रचत नाही, ओततो. १९६० मध्ये जी. डी. स्कॉट यांनी पोलादी छर्रे भांड्यात ओतून पाहिले. नुसते ओतले तर ६० टक्के जागा भरते, हलवून बसवले तर ६४ टक्के. त्यापुढे कितीही हलवा, फारसा फरक नाही. अख्ख्या स्ट्रॉबेरीचा ६२ टक्के हा आकडा या दोहोंच्या मधोमध पडतो. स्ट्रॉबेरी काही गोल नाही, तेव्हा यात योगायोगाचा भागही असेल, पण पाहून बरे वाटते.

(हेल्स हे आडनाव या विषयात आधीही येऊन गेले आहे. १७२७ मध्ये स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने भांड्यात वाटाणे भरले, ते भिजून फुगू दिले आणि वर दाब दिला. फटी नाहीशा झाल्या आणि वाटाण्यांना सपाट बाजू आल्या. बहुतेक दाणे बारा बाजूंचे दिसले असे त्याने लिहून ठेवले. वाटाण्याच्या जागी आपले हरभरेही चालतील.)

मग प्रत्यक्षात तुकड्याच्या आकाराने फरक का पडतो? दोन कारणे आहेत, आणि ती एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. पहिले कारण भांड्याची भिंत. भिंतीलगत तुकडे नीट बसत नाहीत, तिथे फटी मोठ्या राहतात. पिंपात हा भाग नगण्य असतो. पण वाटी आठ सेंटिमीटरची आणि फोड तीन सेंटिमीटरची असेल, तर वाटीतल्या जवळजवळ सगळ्याच फोडी भिंतीच्या शेजारी असतात. फोडी लहान केल्या की भिंतीचा त्रास कमी होतो आणि वजन वाढते. दुसरे कारण घर्षण आणि चिकटपणा. तुकडा अगदी बारीक झाला की त्याचे वजन फार कमी होते, पण शेजाऱ्याला धरून राहण्याची ओढ त्या मानाने कमी होत नाही. तो घसरून फटीत जात नाही, जिथे पडला तिथेच अडून बसतो. ताजे चाळलेले पीठ असेच फुललेले असते. वाटी जमिनीवर चार वेळा आपटली की ते बोटभर खाली बसते. शिवाय मध्यम फोडलेल्या कोळशात मोठे, लहान, बारीक असे सगळेच तुकडे असतात, आणि मोठ्यांच्या फटीत लहान जाऊन बसतात. सगळाच बारीक केला की ही सोय गेली. तेव्हा हटनही खरा आणि स्ट्रॉबेरीही खरी. फळाच्या बाबतीत आणखी एक भर पडते: चिरलेले फळ रस सोडते, मऊ पडते आणि आपल्याच वजनाने बसते. आत्ता काठोकाठ भरलेली वाटी अर्ध्या तासाने पाहिली तर थोडी रिकामी दिसते.

हा प्रयोग शाळेत करायला खर्च नाही. दोन सारखी प्लॅस्टिकची भांडी घ्या. एकात गोट्या, दुसऱ्यात बारीक धुतलेले खडे, काठापर्यंत सपाट भरा. आता मोजपात्राने पाणी ओतत जा आणि काठापर्यंत किती मावले ते लिहा. तेवढी फटींची जागा. मग भांडे रिकामे करून नुसते पाणी भरा. ते एकूण आकारमान. मुलांनी आधी अंदाज लिहावा, मग पाणी ओतावे. फटी दहा टक्के असतील असे मुले म्हणतात, आणि एक तृतीयांशाहून अधिक पाणी मावलेले पाहून चकित होतात. नंतर मोठे आणि बारीक खडे मिसळून पुन्हा करावे. मिश्रणात पाणी कमी मावते. काँक्रीटमध्ये खडी आणि वाळू दोन्ही का लागतात ते वेगळे सांगावे लागत नाही.

आपल्याकडे १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा झाला, १९५८ पासून दशमान वजने येऊ लागली आणि १९६२ पर्यंत बाजारातून शेर, मण गेले. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. त्याच्या जागी किलो आला. पायलीही मागे पडली. धान्य तोलून मिळू लागले. स्वयंपाकघरात मात्र हा कायदा शिरला नाही. १९७० मध्ये आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'त प्रमाण वाटी-चमच्यानेच दिलेले आहे, आणि ते पुस्तक इतके चालले त्यात या सोयीचाही वाटा असणार. तांदूळ, डाळ, रवा, साखर यांना वाटी उत्तम चालते, कारण त्यांचा दाणा ठरलेला असतो. फोडींचा दाणा आपण विळीवर बसून ठरवतो. कारखान्यांना ही सवलत नाही. भारतात २०११ पासून लागू असलेल्या अन्नसुरक्षा नियमांत जॅममध्ये फळ किमान ४५ टक्के हवे असे आहे, आणि ते वजनाने. स्ट्रॉबेरीसारख्या काही फळांना त्यात सूट आहे.

अमेरिकेतही धान्याचा बुशेल आता नावापुरताच माप आहे. शिकागोच्या बाजारात बुशेलभर गहू म्हणजे ६० पौंड, मका म्हणजे ५६ पौंड. भांड्यात कुणी भरत नाही, तोलतात आणि ६० ने भागतात. स्वयंपाकघरातला कप मात्र अजून भरला जातो.

जिथे आजाराचा प्रश्न येतो, तिथे हा फरक चवीपुरता राहत नाही. फार्मरबाईंना रुग्णांच्या आहारात फार रस होता. १९०४ मध्ये त्यांनी रुग्णांसाठी वेगळे पाकपुस्तक लिहिले, त्यात मधुमेहींसाठीही प्रकरण आहे. तेव्हा इन्शुलिन नव्हते. ते १९२१ मध्ये टोरांटोत हाती लागले. तोपर्यंत मोजून खाणे एवढाच उपाय होता. फार्मरबाईंच्याच बॉस्टनमध्ये डॉ. इलियट जॉस्लिन यांनी १९१८ मध्ये मधुमेहींसाठी पुस्तिका काढली. ते रुग्णांना स्वयंपाकघरात तराजू ठेवायला आणि अन्न तोलून खायला शिकवत. आजही इन्शुलिन घेणारे मूल काय आणि किती खाते त्यावर किती एकके टोचायची ते ठरते. कपभर केळ्याच्या चकत्यांत सुमारे ३४ ग्रॅम कर्बोदके असतात. त्याच कपात कुस्करलेले केळे भरले तर सुमारे ५१ ग्रॅम. म्हणून त्या तक्त्यांत 'एक कप' या शब्दांपुढे स्वल्पविराम देऊन फळ कसे कापले ते लिहिलेले असते, आणि त्याच्याही पुढे ग्रॅमचा आकडा असतो.